पायवाटेवर आधी कोण?

प्रश्न : पांडवलेणीच्या पायथ्याकडील उतारावर मी रविवारी सकाळी माउंटन बाइक चालवतो. घंटी वाजवताच फिरायला आलेली ज्येष्ठ मंडळी दचकतात आणि रागावतात. वाट कोणी द्यायची?

उत्तर : वाट आपणच द्यायची. सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हा संकेत अनेक देशांत पाळला जातो. कारण उताराला लागलेली सायकल सुट्या मुरमावर ब्रेक दाबूनही घसरत जाते, म्हणून वेग आधीच आवरण्याची जबाबदारी सायकलस्वारावरच येते. घंटी अगदी पाठीशी येऊन वाजवली की माणूस दचकणारच, आणि दचकलेला माणूस नेमका सायकलच्याच बाजूला सरकतो. म्हणून ती २०-२५ पावले आधी वाजवावी, वेग चालीइतका आणावा आणि ‘काका, उजवीकडून येतोय’ असे सांगून पुढे जावे. अरुंद वळणावर उतरून सायकल हातात धरावी. त्यात कमीपणा कसला? पावसाळ्यात मात्र ओल्या मातीची वाट टाळावी, कारण चाकांनी पडलेल्या चाकोरीतून पाणी धावते आणि दिवाळीपर्यंत तिथे घळ झालेली दिसते. लेण्यांच्या पायऱ्या अर्थातच पायी चढण्यासाठी आहेत, आणि प्रवेशद्वारावर सायकलबंदीची पाटी असेल तर प्रश्नच मिटला.