महिन्याला ३०० युनिट वापर असताना घरावर सोलर बसवणं परवडेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: नाशिकला स्वतःचं स्लॅबचं घर, महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन, महिन्याला सरासरी ३०० युनिट, बिल साडेतीन हजारांच्या घरात, आणि सोलरवाला म्हणतोय ‘५ किलोवॅट घ्या, बिल शून्य’.

परवडेल, चांगलंच परवडेल. पण ५ किलोवॅट नाही, २ घ्या. एक-दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर ३. का ते बिलावरूनच दाखवतो.

२०२४-२५ च्या घरगुती दरांत वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटला ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि त्यापुढे १७.८१ रुपये पडत होते. वर स्थिर आकार सव्वाशेच्या आसपास आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून शेवटचा हिशोब तुमच्या ताज्या बिलावरच्या दरांनी करा. पायऱ्यांची रचना मात्र अशीच असते. ३०० युनिटचं गणित मांडलं तर ५८८ अधिक २,२९२, म्हणजे २,८८०. स्थिर आकार आणि शुल्क घालून साधारण ३,४९०. म्हणजे तुमचं बिल बरोबर याच साच्यातलं आहे.

आता यातली मेख बघा. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटं वजा होतात आणि उरलेल्यावर दराच्या या पायऱ्या, म्हणजे स्लॅब, लागतात. त्यामुळे छपरावर तयार झालेलं युनिट तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट आधी खातं. शुल्कासकट बघितलं तर दुसऱ्या स्लॅबमधलं एक युनिट वाचलं की १३ रुपये वाचतात. पहिल्या स्लॅबमधलं वाचलं तर सातसुद्धा नाहीत. आणि वापरापेक्षा जास्त तयार झालेलं युनिट ३१ मार्चपर्यंत पुढच्या बिलांत जमा होत राहतं. वर्षअखेरीला जे उरेल त्याचा भाव पहिल्या स्लॅबच्या दरापेक्षाही बराच कमी मिळतो. वीज विकून कमाई करायचा बेत असेल तर तो इथेच सोडून द्या.

महाराष्ट्रात १ किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट, महिन्याला १२० युनिट देतो असं धरायला हरकत नाही. कोरड्या महिन्यांत १३०-१३५, पावसाळ्यात ९०, घाटमाथ्यावर आणि कोकणात जुलैत त्याहूनही कमी. एप्रिल-मेमध्ये ऊन रणरणतं, तरी उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही. पॅनलचं काम उजेडावर चालतं, उष्णतेवर नाही. काचेमागचा सेल ६०-६५ अंशांना तापला की २५ अंशांच्या मानाने वीज दहा-बारा टक्के कमी होते.

२ किलोवॅट तुमच्या घराला कोरड्या महिन्यात २७० आणि पावसाळ्यात १८० युनिट देईल. बिल आठ महिने साडेतीनशेच्या आसपास आणि चार महिने अकराशेच्या आसपास येईल. वर्षाची बचत सुमारे साडेचौतीस हजार. खर्च १ लाख ३० हजार धरा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे, कमाल ७८,०००. म्हणजे तुमच्या खिशातून ७०,००० जातील आणि दोन वर्षांत फिटतील.

तिसरा किलोवॅट घेतलात तर साधारण ६० हजार वाढतात, अनुदान १८ हजारच, म्हणजे ४२ हजार जादा. त्यातून वर्षाला साडेपाच हजार रुपये बिल कमी होईल, वर शिल्लक युनिटांचे किरकोळ पैसे. फिटायला सहा ते आठ वर्षं. वाईट नाही, पण पहिल्या दोघांसारखं नाही. चौथ्या-पाचव्याला अनुदान शून्य आणि त्यांची जवळजवळ सगळी वीज स्वस्तात जाणार. ५ किलोवॅटचा सल्ला तुमच्या बिलावरून नाही, सोलरवाल्याच्या कमिशनवरून आलाय. आणि ‘बिल शून्य’ कधीच होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो.

वापर वेगळा असणाऱ्यांसाठी दोन आकडे देऊन ठेवतो. ५०० युनिटवाल्याला त्याच दरांत सात हजारांच्या वर बिल येतं. ३ किलोवॅट बसवला तर महिन्याला साडेपाच-पावणेसहा हजार वाचतात, पैसे दोन वर्षांच्या आत वसूल. १०० युनिटवाल्याचं बिल सव्वाआठशे. १ किलोवॅटने वर्षाला आठ हजार वाचतील आणि पाच वर्षं लागतील. दर कमी झाले तर काय, ही शंका रास्त आहे. तुमच्या बचतीतून सरळ २० टक्के कापून बघा: दोनाची अडीच वर्षं होतात. निर्णय बदलत नाही.

कोटेशनमधला कर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. कंत्राटात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के, म्हणून एकूण कर १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. जुन्या फॉर्मवर १३.८ तसंच ठेवणारे अजून भेटतात.

आता छप्पर. आजचा ५४० वॅटचा पॅनल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि पावणेतीस किलोच्या आसपास असतो. चार पॅनल म्हणजे २.१६ किलोवॅट, मधली वाट धरून २०० चौरस फूट जागा. अनुदान पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा डबा) यांपैकी ज्याची क्षमता कमी त्यावर मिळतं, म्हणून ‘पॅनल ३ चे, इन्व्हर्टर २ चा’ असल्या जोडणीत अनुदान २ चंच. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश.

सावली मात्र स्वतः बघा, आणि बघायची ती डिसेंबरची. नाशिकला २२ डिसेंबरला ऐन दुपारीसुद्धा सूर्य साडेशेचाळीस अंशांच्या वर येत नाही. ५ फूट उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेला पावणेपाच फूट पडते, सकाळी साडेनऊच्या सुमाराला त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून टाकी, जिन्याची खोली, कठडा यांच्या उत्तरेला पॅनल नको. पॅनल एका माळेत जोडलेले असतात. एकाच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याचा एक तृतीयांश भाग बंद पडू शकतो आणि माळेतलं उत्पादन घसरतं. शेजाऱ्याच्या नारळाची एक झावळी पुरते.

पॅनल ज्यावर बसतात त्या स्ट्रक्चरवर पैसे वाचवू नका. कोटेशनमध्ये ‘जीआय’ एवढंच लिहिलेलं असलं तर विचारा: पाइप आधीच पातळ झिंक चढवलेला आहे, की कापून-वेल्डिंग करून नंतर गरम झिंकच्या टाकीत बुडवलेला? दुसराच घ्या, ८० मायक्रॉनचा. पहिल्यात वेल्डिंगच्या जागी झिंक जळून जातं आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज धरतो. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, एसएस ३०४ चे. पॅनलखाली उठबस करता यावी म्हणून आठ-दहा फूट उंच मांडव करून घेणारे बरेच असतात. उंची वाढली की वाऱ्याचा वर उचलणारा जोर वाढतो आणि खर्चही. रायगड-रत्नागिरीत ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने पत्र्यांची काय गत केली ते आठवा. पाया स्लॅबला भोकं पाडून न करता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर करता येतो. भोकं पाडायचीच असतील तर केमिकल अँकर आणि वर वॉटरप्रूफिंग, दोन्ही लेखी घ्या. सोलर बसवल्यावर पहिल्या पावसात गळणारं घर ही नेहमीची तक्रार आहे.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी मोजून घ्या. अर्थिंग तीन वेगळे: डीसीचा, एसीचा आणि वीजरोधकाचा (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचा). तिन्ही एका खड्ड्यात उतरवले तर वीज पडल्यावर इन्व्हर्टर जाऊ शकतो. डीसी केबल ४ चौरस मिलिमीटरची, सोलरसाठीचीच. साधी घरगुती वायर उन्हात तडकते. आणि केबल जोडणारे एमसी-४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या कंपन्यांचे अडकतात, पण आत नीट बसत नाहीत, तापतात आणि वितळतात.

वीज गेली की साधा ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेला) सोलर भर उन्हातही बंद होतो. तो दोष नाही. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला घरातून उलट आलेल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून तसंच बनवलंय. त्यामुळे दिवसा भारनियमन असलेल्या गावात उत्पादन तेवढं कमी धरा. अंधार टाळायला घरातला जुना बॅटरीचा इन्व्हर्टर तसाच राहू दे. हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीचा खर्च जोडला की वरचा सगळा हिशोब कोसळतो.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: दुपारचा व्होल्टेज. डीपीपासून लांब, लाइनच्या टोकाला घर असेल किंवा त्याच डीपीवर आधीच बरेच सोलर असतील, तर दुपारी बाराला व्होल्टेज २५०-२६० वर चढतो आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. ऐन उन्हात तासभर बंद, मालकाला पत्ता नाही. कोटेशन घेण्याआधी चार दिवस दुपारी घरातला व्होल्टेज मोजा. सतत २४५ च्या वर दिसला तर आधी महावितरणकडे तक्रार करा.

कागदपत्रांत बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडतं. बिल आजोबांच्या नावावर, बँक खातं नातवाचं. ग्राहक, अर्जदार आणि खातेदार एकच माणूस लागतो, म्हणून नाव बदलाचा अर्ज आधी करा. थकबाकी असेल तर भरून टाका. अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून होतो. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळते. अनुदानाला देशी सेलचे, म्हणजे डीसीआर, पॅनलच चालतात. पॅनलचे अनुक्रमांक बसवण्याआधी फोटो काढून जुळवून घ्या. एकदा वर चढले की मागची पट्टी दिसत नाही. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याच्या करारात असते, तिचे वेगळे पैसे देऊ नका. पैसे टप्प्यांत द्या आणि शेवटचे १० टक्के नेट मीटर लागून पहिलं बरोबर बिल येईपर्यंत राखून ठेवा.

नेट मीटर लागण्याआधी ‘चालू करून बघू’ म्हणतील. करू देऊ नका. बरेच जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजही घेतलेल्या विजेतच मोजतात. म्हणजे तुमचीच वीज तुम्हाला विकत मिळते.

देखभाल थोडी आहे. नाशिकची उन्हाळी धूळ असेल तर पंधरा दिवसांनी पाणी मारा, पण सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं जड पाणी असेल तर मारून लगेच पुसा, नाहीतर क्षारांचा पांढरा थर धुळीपेक्षा चिवट बसतो. पॅनल पंचवीस वर्षं टिकतात, इन्व्हर्टर आठ-दहा. दहाव्या वर्षी त्यासाठी २० ते ३० हजार बाजूला धरा.

कोणी बसवू नये तेही सांगतो. दोन वर्षांत वरचा मजला चढवणार असाल तर थांबा. भाड्याचं घर असेल तर नको. गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपच असलेलं गावचं घर असेल तर मुळीच नको, जमा झालेली युनिटं मार्चअखेर पाण्याच्या मोलाने जातील. फ्लॅटवाल्यांनी स्वतःच्या मीटरऐवजी सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या मीटरचा विचार करावा, त्याला किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे.

चालू झाल्यावर पहिल्या महिन्यात लोक एका आकड्याने घाबरतात. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये २४० युनिट तयार झालेले दिसतात आणि बिलात ‘निर्यात’ १५० च. चोरी नाही झालेली. दिवसा फ्रिज, पंप, मिक्सर यांनी जागेवरच खाल्लेली ९० युनिटं मीटरपर्यंत पोचतच नाहीत, पण ती तुमच्या आयातीतून आधीच कमी झालेली असतात. काळजी निर्यात शून्य दिसली तर करायची: मीटर बदललाय पण बिलिंगमध्ये नोंद झालेली नाही. नेट मीटर बसेल त्या दिवशी आयात आणि निर्यात दोन्ही रीडिंगचे फोटो काढून ठेवा, उपविभागात बिल दुरुस्त करायला तेच लागतात.