खान्देशातल्या उन्हात जुन्या कॉमिक्ससाठी कोणते स्लीव्ह घ्यावेत?

भाऊ, तुमच्या मराठी इंद्रजाल कॉमिक्सना पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचेच स्लीव्ह (अंक घालायच्या पारदर्शक पिशव्या) घ्या, आणि जे चार-पाच अंक अगदी जीव की प्राण असतील तेवढ्यांना मायलार (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म), पण पीव्हीसीचं काहीही घेऊ नका. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी जाड, मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारी फाइल म्हणजे बहुतेक पीव्हीसीच, तिच्यातलं मऊपणा आणणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि छपाईची शाई ओढून घेतं. जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा हे आणखी लवकर होतं. माझा एक अंक असाच गेला, कव्हर सोडवताना चेहऱ्याचा रंग प्लास्टिकवरच राहिला, अजून वाईट वाटतं.

घेताना एवढं बघा:
- अंक पट्टीने मोजा, स्लीव्ह रुंदीला पाव इंच तरी जास्त हवा, कोंबून भरला की कोपरे दुमडतात
- मागे ॲसिड-फ्री बोर्ड, साधा पुठ्ठा नको, त्यानेच कागद पिवळा पडतो
- चिकटपट्टी फ्लॅपवर नको, स्लीव्हच्या अंगावर असलेला घ्या, नाहीतर अंक काढताना कव्हरला चिकटते

फक्त एक, स्लीव्ह काही आधीच पिवळा पडलेला कागद परत पांढरा करत नाही, न्यूजप्रिंटमधलं ॲसिड आतच असतं. म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, खालच्या खोलीत कपाटात उभे ठेवा, आणि पावसाळ्यात दमट अंक तसाच बंद करू नका, बुरशी धरते.