ब्रिटनच्या झूमधले वाघ, हत्ती, पेंग्विन तिथल्या थंडीत कसे जगतात? मरत नाहीत का?

नाही हो, मजेत जगतात. मी बेडफर्डशरमध्ये राहतो, व्हिप्सनेडचा झू घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर, पोरांमुळे वर्षाचा पास काढलेला असतो, त्यामुळे ऐन जानेवारीतही चकरा होतात आणि तिथे सगळ्यात जास्त कुडकुडणारा प्राणी मीच असतो.

एक तर इथली थंडी म्हणजे काही सायबेरिया नाही. ओली, कंटाळवाणी, पाच-सात डिग्रीची. व्हिप्सनेडचे वाघ अमूर जातीचे, म्हणजे मूळचे रशियाच्या पूर्व टोकाचे, त्यांना हे काहीच नाही. हत्ती मात्र आपल्यासारखेच आशियाई, त्यांच्यासाठी 2017 साली मोठी गरम शेड बांधलीय, आत खाली जाड वाळू, गार रात्री ते आतच असतात. आणि पेंग्विनचं तर उलटंच आहे. लंडन झूमधले हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नाहीतच, ते बारा महिने उघड्यावर राहतात. राणीच्या बागेत आहेत ना, तेच हे, फक्त भायखळ्यात त्यांना एसी लागतो!

पण खरी गंमत सांगू का, इथे काळजी प्राणी मरण्याची नाही, नको तितका रमण्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टॅफर्डशरमधल्या एका खाजगी प्राणीसंग्रहातून काही वॉलबी (छोटे कांगारू समजा) निसटले आणि पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत कित्येक दशकं राहिले, पोरंबाळं झाली. 1962-63 च्या भयंकर हिवाळ्यात बरेच मेले खरे, पण सगळे नाही.

आणि आमच्या शेजारचं वोबर्न, म्हणजे बेडफर्डच्या ड्यूकांची मोठी इस्टेट. बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकना परदेशी हरणं पाळायचा भारी नाद होता. चीनमधलं पेर डेव्हिड नावाचं हरीण 1900 च्या सुमारास तिकडे संपलं, या माणसाने युरोपातल्या झूंमधून उरलीसुरली गोळा करून वोबर्नला वाढवली म्हणून ती जात वाचली, 1985 मध्ये त्यातलीच काही परत चीनला पाठवली. हे पुण्य मोठंच. पण त्याच ड्यूकनी चिनी मुंटजॅकही आणले, त्यातले काही निसटले, काही मुद्दाम सोडले, आणि आज दक्षिण इंग्लंडभर तेच. लॅब्रेडॉर कुत्र्याएवढं हरीण, वर्षभर वितं, आणि व्यायल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा गाभण राहू शकतं. जंगलातली कोवळी रोपं, ब्लूबेलची फुलं, सगळं फस्त करतं. आता पकडलेलं पुन्हा रानात सोडायलाही कायद्याने बंदी आहे.

मागच्या वर्षी आई संगमेश्वरहून आली होती. रात्री अकराला मागच्या अंगणातून भसाड्या आवाजात भुंकणं सुरू झालं, एक भुंकून थांबायचं, पुन्हा एक. मला वाटलं शेजाऱ्यांचा कुत्रा. आई पांघरुणातूनच म्हणाली, "कुत्रा कसला, भेकर आहे ते." मी म्हटलं आई, हे इंग्लंड आहे. खिडकीतून टॉर्च मारला तर खरंच, पाठ वाकलेलं, शेपटी वर केलेलं, माझ्या गुलाबाच्या कळ्या खात उभं. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चुलत भाऊच, हे मला तिने सांगेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं, नऊ वर्षं झाली इथे येऊन.

दुसऱ्या दिवशी जाळी आणून लावली. चार दिवसांत खालून घुसलं.