कलमं तीनदा वाचूनही परीक्षेत का आठवत नाहीत?

राज्यघटनेची कलमं तीनदा वाचली, तरी सराव पेपरात ३५२ आणि ३५६ या आणीबाणीच्या कलमांची अदलाबदल झाली, म्हणजे स्मरणशक्तीच कमी आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. स्मरणशक्तीला दोष देऊ नका, अभ्यासाची रीत बदला.

वाचलेलं आधी कार्यकारी स्मृतीत येतं. तिथे एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात आणि मनात घोळवल्या नाहीत तर अर्ध्या मिनिटात निसटतात. मात्र ‘एक गोष्ट’ केवढी, हे आधी काय ठाऊक आहे त्यावर ठरतं. १८१८१८५७१९६० हे बारा आकडे सुटे पाठ करून बघा, दमछाक होईल. पेशवाईचा अंत, उठाव आणि महाराष्ट्राची स्थापना असे वाचलेत की तीनच उरतात. कलमंही तशीच बांधा. संकट कशावर? देशाच्या सुरक्षेवर तर ३५२, राज्याच्या घटनात्मक कारभारावर तर ३५६, आर्थिक स्थैर्यावर तर ३६०.

तिथून पुढे माहिती टिकवायला हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला भाग लागतो. नवी आठवण पक्की व्हायला वेळ लागतो आणि त्यातलं बरंच काम गाढ झोपेत होतं. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण महागात पडतं.

आता तुमची खरी चूक. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतंय असा समज होतो. पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, तर न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

तेव्हा वीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. अडलात तरी लगेच पान उलटू नका; निदान मिनिटभर डोकं खाजवा, कारण त्या धडपडीनेच आठवण घट्ट होते. मग लाल पेनाने चुका दुरुस्त करा. हे नक्की करा, नाहीतर चुकीचंच उत्तर पक्कं बसेल. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी तेच पुन्हा, दर वेळी कोऱ्या कागदापासून. आणि ३५२-३५६ सारखी एकमेकांत गुंतणारी कलमं वेगवेगळ्या दिवशी सुटी पाठ करू नका. एकाच बैठकीत उलटसुलट विचारा, कधी आकड्यावरून विषय, कधी विषयावरून आकडा.