ठरवते खूप, पण टिकत काहीच नाही

“मॅडम, माझ्यात चिकाटीच नाही. दर पाडव्याला ठरवते आणि चैत्र संपायच्या आत सगळं सुटतं.” पंचेचाळिशीच्या एक ताई पहिल्याच भेटीत हे म्हणाल्या. माझ्याकडे समुपदेशनाला येणारे कितीतरी जण याच तक्रारीने सुरुवात करतात, म्हणून त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

आधी झोप, भूक, मन कशात रमतं का, हे विचारून घेतलं. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे ध्येयाची चर्चा नंतर, डॉक्टर आधी. (टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.) ताईंचं तसं काही नव्हतं.

आणि चिकाटीचं म्हणाल तर ही बाई वर्षानुवर्षं पहाटे साडेपाचला उठून तीन डबे भरत होती, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ चुकू देत नव्हती, भिशीचा हिशेब चोख ठेवत होती. मी तसं म्हटल्यावर उत्तर आलं, “ते करावंच लागतं हो, त्यात काय?”

त्यांनी वही आणली होती. पाडव्याच्या पानावर लिहिलं होतं: वजन दहा किलो कमी, इंग्रजी बोलणे, केकचा क्लास, बी.ए. पूर्ण करणे. एकेका ओळीवर बोट ठेवून मी विचारत गेले. हे पहिल्यांदा मनात कधी आलं? कुणाचं बोलणं ऐकून? आणि हे जमलं, पण कुणालाच कळलं नाही, तरी चालेल का?

मुलाच्या शाळेत पालकसभेला गप्प बसावं लागायचं, म्हणून इंग्रजी. मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, त्या सभा केव्हाच संपल्या. केकचा क्लास जावेने केला, म्हणून. वजनावरून नणंदेने भर लग्नात टोमणा मारला होता. बी.ए.पाशी मात्र त्या थांबल्या. “एस.वाय.ला होते तेव्हा लग्न ठरलं. मराठीचे सर घरी येऊन वडिलांना म्हणाले होते, पोरीला शिकू द्या.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “हे कुणाला नाही कळलं तरी चालेल मला.”

केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये हेच मांडलं होतं. जे ध्येय स्वतःच्या आवडीतून किंवा मनापासून पटलेल्या मूल्यातून येतं, त्यासाठी माणूस जास्त काळ कष्ट घेतो, आणि ते गाठल्यावर समाधानही जास्त मिळतं. ताईंच्या यादीत असं एकच होतं, तेही सगळ्यात खाली.

इंग्रजी आणि केक त्यांनी खोडले. खोडताना हात अडखळला, कारण सोडणं म्हणजे हरणं असं आपल्या मनावर ठसलेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही. वजनाचं मात्र मी खोडू दिलं नाही. रक्तातली साखर काठावर आलेली होती आणि डॉक्टरांनीही सांगितलं होतं. दुसऱ्याने सुचवलेलं ध्येयही आपलंसं करता येतं. दहा किलोंच्या जागी त्यांनी ‘मैत्रिणीबरोबर संध्याकाळी चालणे’ असं लिहिलं.

शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच. पहिल्या वर्षापासून सुरुवात करायलाही ताई तयार होत्या. पण ‘बी.ए. करणे’ एवढं म्हणून भागत नाही, त्याला रोजच्या दिवसात जागा लागते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा नेमक्या ठरावांवर बरंच संशोधन केलं आहे. असा ठराव केला की अभ्यासाला कधी बसायचं याचा रोज नव्याने विचार करावा लागत नाही. ताईंचा ठराव असा होता: दुपारी ओटा पुसून झाला की पुस्तक घेऊन गॅलरीत बसायचं, सासूबाईंच्या चहाची वेळ होईपर्यंत. शेजारीण आली तर सांगायचं, “मी अभ्यासाला बसलेय, चारला या.”

हे एवढंसं वाक्य त्यांना सगळ्यात जड गेलं. माझ्यासमोर म्हणून बघतानाही ‘अभ्यासाला’ या शब्दापाशी आवाज खाली जायचा. मग त्या हसायच्या, पुन्हा म्हणायच्या. घरी नवऱ्याने विचारलं, “आता या वयात कशाला?” त्यांनी उत्तर दिलं, “मला हवंय म्हणून.” हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ दिवाळी आली आणि पुस्तक कित्येक दिवस उघडलंच नाही. फोन आला, “बघा, परत तेच.” पण खंड पडणार हे धरूनच आम्ही आणखी एक ठराव केला होता: ज्या दिवशी आठवेल, त्या दिवशी फक्त एक पान. बुडालेला अभ्यास भरून काढायला जायचं नाही, कारण त्या धास्तीनेच माणसं पुस्तकापासून लांब पळतात. त्या दुपारी त्यांनी एकच पान वाचलं.

पहिलं वर्ष पार पडलं. दुसऱ्या वर्षाचा एक पेपर राहिला आहे, तो त्या पुन्हा देणार आहेत. रविवारी अभ्यासकेंद्रावर वर्ग असतात, त्या दिवशीचा स्वयंपाक बाप-लेक करतात.