मात्रा : वृत्तातली आणि स्वरलिपीतली

प्रश्न असा : वृत्ताच्या हिशेबाने 'राम' तीन मात्रांचा, 'रा' गुरू म्हणून दोन आणि 'म' लघू म्हणून एक. स्वरलिपीत, म्हणजे गाणे स्वरांत लिहून ठेवण्याच्या पद्धतीत, मात्र तोच शब्द कधी दोन, कधी चार मात्रांत बसवलेला दिसतो. मग चूक कोणाची?

कोणाचीच नाही. 'मात्रा' हा शब्द 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून आलेला, म्हणून मोजमाप असेल तिथे तो भेटतो, औषधाचीही मात्राच. छंदात मोजतात ते अक्षर. संगीतात मोजतात तो काळ, मग त्यात अक्षर येवो न येवो. गाणारा गप्प बसला तरी त्रिताल या तालाच्या मात्रा 16च. या मात्रेला ठरावीक सेकंदही नाहीत. विलंबित लयीत ती लांब, द्रुत लयीत आखूड. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे हवे, एवढीच अट.

विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत सुटा स्वर म्हणजे एक मात्रा. पुढची आडवी रेघ तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवते. 'सा – – रे' म्हणजे सा तीन, रे एक. बोलांच्या, म्हणजे गाण्याच्या शब्दांच्या, ओळीत हेच काम अवग्रह (ऽ ही खूण) करतो : 'रा ऽ ऽ म'. नवशिके हमखास चुकतात ते इथे. रेघ म्हणजे विश्रांती समजून आवाज तोडतात. सूर चालूच राहिला पाहिजे.

स्वरांखाली अर्धचंद्र असेल तर त्यावरचे सगळे मिळून एकच मात्रा. 'सारे' असेल तर दोघांना अर्धी-अर्धी. 'सा-रे'मध्ये मात्रेचे तीन समान भाग : सा दोन, रे एक. घाईत हे पाऊण आणि पाव असे गायले जाते, पण त्याची खूण वेगळी, 'सा--रे', चार भागांची. हाताने ठोका धरून प्रत्येक ठोक्यात मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हटले की फरक लगेच कळतो.

दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत गाताना, 'मात्रा अर्धी झाली' हे म्हणणेही बरोबर नाही. ठोका तोच, त्यात अक्षरे दुप्पट.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या स्वरलिपीत मात्र काळाची खूण स्वराच्या खाली येते : रेघ म्हणजे लघू, एक मात्रा, अवग्रहासारखी खूण म्हणजे गुरू, दोन मात्रा, शून्य म्हणजे अर्धी. तिथली रेघ भातखंडे पद्धतीने वाचली की एक मात्रेचा स्वर दोन मात्रांचा होऊन बसतो. नावे छंदातलीच, पण ती स्वराला लागतात. 'राम'मधल्या 'रा'च्या स्वराखाली लघूची रेघही असू शकते.