कर्करोग : एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाताना
(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे)

प्रश्न : माझ्या आईच्या (वय ५८) उजव्या स्तनातील गाठ लातूरच्या एका खासगी रुग्णालयात काढली आणि नंतर केमोच्या ४ सायकल तेथेच झाल्या. पुढील उपचारांसाठी तिला परळच्या टाटा रुग्णालयात नेणार आहोत. जवळ डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा अहवाल आणि सीटी स्कॅनच्या फिल्म आहेत. एका परिचितांनी ‘ब्लॉक घेऊन जा’ असे सांगितले. लॅबमध्ये मागितला, तर ‘रिपोर्ट दिलाय, ब्लॉक पेशंटला देत नाही’ असे उत्तर मिळाले. काय करावे? — एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : आपल्या परिचितांनी अगदी योग्य सल्ला दिला. अहवाल म्हणजे एका पॅथॉलॉजिस्टने काढलेला निष्कर्ष. तो ज्यावरून काढला ती वस्तू म्हणजे ब्लॉक. आगपेटीएवढ्या प्लास्टिकच्या कॅसेटवर मेणाची एक वडी असते आणि त्या मेणात आपल्या आईच्या गाठीचा तुकडा बसवलेला असतो. त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे, म्हणजे कागदाहूनही कितीतरी पातळ काप काढून काचेच्या स्लाइड बनवतात. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासल्याशिवाय सहसा उपचार ठरत नाहीत. यात आधीच्या डॉक्टरांवर अविश्वास नसतो. स्तनाच्या कर्करोगात ‘हर-टू’ (कर्करोगाच्या पेशींवरील एक प्रथिन) चाचणीचा निकाल २+ आला, तर तो ना होकार असतो ना नकार, आणि खात्रीसाठी ‘फिश’ नावाची पुढची चाचणी त्याच ब्लॉकवर करावी लागते. गाठ एकदाच निघते. ब्लॉक हरवला, तर ती चाचणी कशावर करणार?

लॅबकडे तोंडी मागणी करू नये. आईच्या सहीचा अर्ज, तिच्या ओळखपत्राची प्रत आणि शक्य असल्यास नव्या रुग्णालयाचे किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र द्यावे. ब्लॉक एकाहून अधिक असतील, तर लॅब एखादा स्वतःकडे ठेवून बाकीचे देऊ शकते, आणि हे रास्तच आहे. नेलेल्या प्रत्येक ब्लॉकचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. (उन्हाळ्यात प्रवास असेल, तर ती डबी मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, शेवटी ते मेण आहे.)

कागदपत्रांच्या बाबतीत आपली बाजू भक्कम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि गोपनीयतेच्या नावाखाली रुग्णालाच त्याची कागदपत्रे नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. मात्र त्याच संहितेत नोंदी जपून ठेवण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून केवळ ३ वर्षांची आहे, हे लक्षात घेऊन आजच सगळे मागून घ्यावे. ‘नोंदी’ या शब्दात ब्लॉक येतो का, यावर लॅबच्या काउंटरवर वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांचे पत्र लवकर काम करते.

आता केमोविषयी. डिस्चार्ज कार्डावर अनेकदा ‘केमो ४ सायकल दिल्या’ एवढीच ओळ असते आणि ती नव्या डॉक्टरांच्या काहीच कामाची नसते. रुग्ण ज्याला ‘लाल केमो’ म्हणतात, त्या डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची मर्यादा शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम मानली जाते. त्यापुढे हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. आईला प्रत्येक वेळी ६० च्या मात्रेने ४ सायकल झाल्या असतील, तर २४० संपले. हा हिशेब कागदावर नसेल, तर नव्या डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते. म्हणून औषधाचे नाव, प्रत्येक तारखेची मात्रा, त्या वेळची उंची आणि वजन एवढे लिहून मागावे. पुढे कधी रेडिएशन झाले, तर एकूण किती ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक), किती बैठकांत आणि शरीराच्या नेमक्या कोणत्या भागावर, याचाही सारांश त्याच फाइलीत ठेवावा.

फिल्मवर स्कॅनमधील मोजकीच चित्रे असतात. स्कॅन सेंटरकडून सीडी मागावी, ती डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपातच आहे ना हे विचारावे आणि घरी एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. फिल्म खिडकीशी धरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो अपॉइंटमेंट ठरवायला चालेल, शस्त्रक्रिया ठरवायला नाही.

प्रश्न : मी ‘आभा’ क्रमांक काढला आहे. आता सगळे अहवाल नव्या रुग्णालयात आपोआप दिसतील ना? आणि आजाराची माहिती गावभर तर होणार नाही? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपोआप काहीच दिसत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आभा हा १४ अंकी क्रमांक केवळ ओळख पटवतो. आपले अहवाल त्या-त्या रुग्णालयाकडेच राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी विनंती केल्यावर आपण मोबाइलवर संमती दिली तरच, आपण ठरवलेल्या मुदतीपुरते, त्यांना पाहता येतात. संमती मागे घेण्याचीही सोय आहे. पण जुन्या रुग्णालयाने आपले अहवाल या व्यवस्थेला जोडलेच नसतील, तर संमती देऊनही पडदा कोराच राहतो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील कर्करोग केंद्रे उपचारांच्या समान पद्धतींवर एकत्र आली आहेत; तरीही आपली कापडी पिशवीतली फाइल अजून तरी घरी ठेवण्याजोगी झालेली नाही.

गावात बोभाटा होण्याची भीती मी समजू शकतो, पण माझ्या अनुभवात तो संगणकातून क्वचितच होतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेला अहवाल मात्र तासाभरात मामेभावाच्या सासुरवाडीपर्यंत पोहोचलेला असतो.

प्रश्न : वडिलांना कर्करोग असल्याचे आम्ही सांगितलेले नाही. नव्या रुग्णालयात जाताना बायोप्सीचा अहवाल फाइलीतून काढून ठेवला तर चालेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : कृपया असे करू नये. अहवाल दिसला नाही की बायोप्सी पुन्हा करण्याचा विषय निघतो, म्हणजे वडिलांना तीच सुई दुसऱ्यांदा आणि आठवडा वाया. शिवाय केमो किंवा रेडिएशनच्या संमतीपत्रावर त्यांनाच सही करायची आहे, आणि रुग्णालयाच्या पाटीवर तो शब्द त्यांना वाचता येतोच. आताच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी वडिलांशी बोलण्याची विनंती करावी. तेवढा वेळ नसेल, तर वडिलांना आजवर काय सांगितले आहे, हे दोन ओळींत लिहून ती चिठ्ठी फाइलीच्या पहिल्या पानावर लावावी. आम्ही डॉक्टर ती आधी वाचतो.